विश्लेषण : शाळेच्या यादीत साबण कोणी द्यायचा? हात धुण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. सेमेलवाइस यांची कहाणी आज काय सांगते?

शाळा सुरू होण्याच्या सुमारास पालकांच्या हाती साहित्याची यादी पडते. वह्या, कव्हरे, कंपासपेटी, रंग यांच्या जोडीला आता काही शाळांच्या यादीत हँडवॉश, सॅनिटायझर, टिश्यू आणि नॅपकिनही असतात. त्यावरून पालकसभेत मतभेद होतात. साबण देणे हे शाळेचे काम असल्याचे काहींचे म्हणणे असते, तर वर्गातल्या आजारपणांना कंटाळलेल्या पालकांना दोन बाटल्या जास्त देण्यात काहीच वावगे वाटत नाही. मुलांना इतके जपले तर त्यांची प्रतिकारशक्ती कशी वाढणार, असा प्रश्न विचारणारेही असतात.

हात धुण्यावरून शिकलेल्या माणसांमध्ये इतका टोकाचा वाद होणे नवे नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नातील एका मोठ्या रुग्णालयात असाच वाद पेटला होता. तिथे पणाला लागले होते ते बाळंतिणींचे प्राण. त्या वादाच्या केंद्रस्थानी होते डॉ. इग्नाझ सेमेलवाइस. त्यांनी काय शोधले, ते खरे असूनही का नाकारले गेले आणि आजच्या वर्गखोलीसाठी त्यातून काय घेता येईल, याचा हा आढावा.

कोण होते डॉ. सेमेलवाइस?

इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा शहरात झाला. डॅन्यूब नदीच्या दोन काठांवरील बुडा आणि पेस्ट ही त्या काळी वेगळी शहरे होती. १८७३ मध्ये ती एकत्र येऊन बुडापेस्ट झाले. वडिलांचा किराणा मालाचा व्यापार होता आणि घरची स्थिती चांगली होती. १८३७ मध्ये ते कायदा शिकण्यासाठी व्हिएन्नाला गेले. मात्र लवकरच त्यांनी कायदा सोडून वैद्यकशास्त्राची वाट धरली. १८४४ मध्ये ते डॉक्टर झाले आणि त्यानंतर प्रसूतिशास्त्राकडे वळले.

जुलै १८४६ मध्ये व्हिएन्ना जनरल हॉस्पिटलच्या पहिल्या प्रसूती विभागात ते प्रा. योहान क्लाइन यांचे सहायक म्हणून रुजू झाले. त्यांचे वय तेव्हा २८ वर्षे होते. रोज सकाळी शवविच्छेदन, त्यानंतर वॉर्डातील रुग्णांची तपासणी, विद्यार्थ्यांना शिकवणे आणि नोंदी ठेवणे असे त्यांचे काम होते. या नोंदींमुळेच पुढचे सगळे घडले.

एकाच रुग्णालयातील दोन विभागांत इतका फरक का?

या रुग्णालयात प्रामुख्याने गरीब स्त्रिया बाळंतपणासाठी येत. उपचार मोफत असत आणि त्या बदल्यात त्यांच्यावर वैद्यकीय शिक्षण दिले जाई. प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. कोणत्या दिवशी कोणत्या विभागात दाखल करायचे, हे वारानुसार ठरलेले होते. म्हणजे दोन्हीकडे येणाऱ्या स्त्रियांमध्ये फारसा फरक नव्हता.

तरीही आकडे वेगळे होते. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणे झाली आणि १,९८९ माता दगावल्या. हे प्रमाण जवळपास १० टक्के होते. दुसऱ्या विभागात १७,७९१ बाळंतपणांत ६९१ माता दगावल्या, म्हणजे चार टक्क्यांहून कमी. यातील बहुतेक मृत्यू बाळंतज्वराने होत. बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांत थंडी वाजून ताप चढे, पोट फुगे आणि बघता बघता बाई जाई.

ही गोष्ट शहराला माहीत होती. पहिल्या विभागाच्या दिवशी रुग्णालयात आलेल्या स्त्रिया दुसऱ्या विभागात घेण्यासाठी हातापाया पडत. काही जणी वाटेतच बाळंत होत आणि नंतर दाखल होत. विशेष म्हणजे रस्त्यावर बाळंत झालेल्या या स्त्रियांमध्ये बाळंतज्वराचे प्रमाण कमी होते. ज्या आयांना हा फरक दिसत होता, त्यांच्याकडे त्याचे कारण नव्हते आणि ज्यांच्याकडे पदव्या होत्या, त्यांनी कारणाचा शोध थांबवला होता. हवेतील दूषित घटक हे त्या काळचे मान्य उत्तर होते.

सेमेलवाइस यांनी एकेक शक्यता तपासली. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्या विभागात जास्त होती. हवा म्हणावी, तर दोन्ही विभाग लागून होते. मरणासन्न स्त्रीकडे जाताना धर्मगुरू पहिल्या विभागातून घंटा वाजवत जात. त्या आवाजाच्या धास्तीने ताप येत असेल म्हणून त्यांचा मार्ग बदलून पाहिला. दुसऱ्या विभागाप्रमाणे स्त्रियांना कुशीवर झोपवून बाळंतपण करून पाहिले. फरक पडला नाही.

मित्राच्या मृत्यूतून उत्तर कसे मिळाले?

मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस काही दिवस व्हेनिसला गेले होते. परत आल्यावर त्यांना आपले मित्र याकोब कोलेच्का यांच्या निधनाची बातमी कळली. कोलेच्का न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. शवविच्छेदन सुरू असताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी त्यांच्या बोटाला लागली आणि त्या जखमेतून आजार शरीरभर पसरला.

सेमेलवाइस यांनी त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. त्यातील खुणा बाळंतज्वराने गेलेल्या स्त्रियांच्या शरीरातील खुणांशी जुळत होत्या. कोलेच्का यांच्या शरीरात प्रेताचा अंश सुरीवरून गेला होता. मग बाळंतिणीच्या शरीरात तो कशावरून जात होता? शवविच्छेदन करून थेट प्रसूती कक्षात येणारे हात पहिल्या विभागात होते. दुसऱ्या विभागातील सुईणी शवविच्छेदन करत नव्हत्या. सहा वर्षांच्या आकड्यांचे कोडे इथे सुटले. आजार आणणाऱ्या हातांमध्ये त्यांचे स्वतःचे हातही होते.

दाराशी ठेवलेल्या भांड्याने काय बदलले?

मे १८४७ च्या मध्यास सेमेलवाइस यांनी नियम केला. प्रसूती कक्षात जाणाऱ्या प्रत्येकाने क्लोरिनच्या द्रावणात हात धुवायचे. साध्या साबणाने धुतल्यावरही हाताला प्रेताचा वास राहतो आणि क्लोरिनने तो जातो, हे त्यांच्या लक्षात आले होते. सुरुवातीचे द्रावण महाग पडू लागल्यावर त्यांनी स्वस्तातला क्लोरिनयुक्त चुना वापरायला घेतला. ब्लीचिंग पावडर म्हणतात ती हीच. आपल्याकडे ग्रामपंचायती पिण्याच्या पाण्यात टाकतात ती टीसीएल पावडर याच जातीची.

परिणाम लगेच दिसला. एप्रिल १८४७ मध्ये पहिल्या विभागातील मृत्यूचे प्रमाण १८ टक्क्यांवर गेले होते. जूनमध्ये ते सुमारे दोन टक्क्यांवर आणि जुलैमध्ये सव्वा टक्क्याच्या आसपास आले. १८४८ या पूर्ण वर्षात ३,५५६ बाळंतपणांत ४५ माता दगावल्या. म्हणजे पहिला विभाग दुसऱ्या विभागाच्या बरोबरीला आला. त्या वर्षी मार्च आणि ऑगस्टमध्ये तिथे एकही मृत्यू झाला नाही.

मधल्या काळात एक धक्का बसला. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाचा कर्करोग असलेली एक स्त्री दाखल झाली. तिला तपासल्यानंतर डॉक्टरांनी साबणाने हात धुतले, पण क्लोरिन वापरले नाही आणि ते पुढच्या खाटांकडे वळले. त्या वेळच्या १२ बाळंतिणींपैकी ११ जणी दगावल्या. हाताला चिकटणारा घातक अंश केवळ प्रेतातून येतो असे नाही, जिवंत रुग्णाकडूनही येतो, हे यातून कळले. त्यानंतर प्रत्येक रुग्णाच्या तपासणीनंतर हात धुण्याचा नियम लागू झाला.

हा नियम चालवणे सोपे नव्हते. द्रावणाने हातांची आग होई, विद्यार्थी कंटाळत, टाळाटाळ करत. पण भांडे दाराशीच होते, द्रावण विभागाचे होते आणि त्यावर लक्ष ठेवणारा माणूस तिथे हजर होता.

आकडे समोर असूनही विरोध का झाला?

याची कारणे अनेक होती. जंतूंचे शास्त्र अजून जन्माला यायचे होते. डोळ्यांना न दिसणारा अंश माणूस मारतो, हे पटवण्यासाठी सेमेलवाइस यांच्याकडे आकड्यांपलीकडे काही नव्हते.

दुसरे कारण मानापमानाचे होते. क्लाइन यांच्या आधीचे प्रमुख योहान बोएर विद्यार्थ्यांना प्रेतांऐवजी बाहुलीवर शिकवत आणि त्यांच्या काळात मृत्यू कमी होते. क्लाइन यांच्या काळात प्रेतांवरचे शिक्षण आले आणि मृत्यू वाढले. सेमेलवाइस यांचे म्हणणे मान्य केले, तर एवढ्या वर्षांचे मृत्यू आपल्या खात्यावर जमा होणार, हे प्रमुखांना दिसत होते. जर्मनीतील कील येथील डॉ. गुस्टाव्ह मिखाएलिस यांनी मात्र ते मान्य केले आणि क्लोरिनने हात धुणे सुरू केले. आपल्या हातांनी बाळंतपण झालेली नात्यातील तरुणी बाळंतज्वराने गेली होती, याची बोच त्यांना सोसली नाही. १८४८ मध्ये त्यांनी जीवन संपवले. सत्य मान्य करणे डॉक्टरांना किती जड जात होते, ते यावरून लक्षात येते.

तिसरे कारण सेमेलवाइस यांच्या स्वभावात होते. त्यांना लिहिण्याचा कंटाळा होता. त्यांचा शोध जगासमोर प्रथम मांडला तो त्यांचे सहकारी फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी. योसेफ श्कोडा आणि कार्ल फॉन रोकिटान्स्की हे नामवंतही त्यांच्या बाजूने उभे राहिले. स्वतः सेमेलवाइस यांनी मे १८५० मध्ये व्हिएन्नातील डॉक्टरांपुढे व्याख्यान दिले, पण लेखी मांडणी केली नाही. त्यामुळे युरोपातील अनेक डॉक्टरांपर्यंत त्यांचे म्हणणे अर्धवटच पोहोचले. हा सगळा प्रेताच्या अंशाचाच मुद्दा आहे, असे अनेकांनी गृहीत धरले आणि आपल्याकडे शवविच्छेदन होत नाही म्हणून तो बाजूला सारला.

मार्च १८४९ मध्ये त्यांची मुदत संपली. क्लाइन यांनी ती वाढवली नाही. पुढे १८५० मध्ये त्यांना अध्यापनाची परवानगी मिळाली ती केवळ बाहुलीवर शिकवण्याची. हा अपमान जिव्हारी लागला. पाठीशी उभ्या राहिलेल्या मित्रांचा निरोपही न घेता त्यांनी काही दिवसांतच व्हिएन्ना सोडले.

पेस्टमध्ये चादरींवरून वाद का झाला?

१८५१ मध्ये पेस्टमधील सेंट रोखुस रुग्णालयाचा प्रसूती विभाग त्यांनी विनावेतन सांभाळायला घेतला. सहा वर्षांत तिथे ९३३ बाळंतपणे झाली आणि बाळंतज्वराने फक्त आठ माता दगावल्या. म्हणजे शंभरात एकही नाही. १८५५ मध्ये ते पेस्ट विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८५७ मध्ये मारिया वाइडनहोफर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना पाच मुले झाली. त्यातील दोन अगदी लहानपणीच गेली.

विद्यापीठाच्या विभागात त्यांना वेगळ्याच अडचणीशी झगडावे लागले. हात स्वच्छ होते, पण खाटांवरील चादरी नीट धुतल्या जात नव्हत्या. एका बाळंतिणीच्या रक्ताने माखलेली चादर दुसरीच्या अंगाखाली येत होती आणि ताप पुन्हा डोके वर काढत होता. डॉक्टरांनी कितीही हात धुतले, तरी धुलाईचा खर्च आणि चादरींचा पुरवठा प्रशासनाच्या हाती होता. सेमेलवाइस यांनी तक्रारींचा धडाका लावला आणि चादरी बदलायला लावल्या. आरोग्य सांभाळण्याची जबाबदारी एकाकडे आणि सामानाची किल्ली दुसऱ्याकडे असली की काय होते, त्याचे हे उदाहरण.

त्यांचा शेवट कसा झाला?

शोधानंतर तब्बल १३ वर्षांनी, १८६० च्या अखेरीस, त्यांचा जर्मन ग्रंथ आला. तो मोठा, पुनरुक्तीने भरलेला आणि वाचायला कठीण होता. टीका झाली. सेमेलवाइस यांनी मग नामवंत प्रसूतितज्ज्ञांना उद्देशून जाहीर पत्रे छापली आणि त्यात त्यांना थेट खुनी ठरवले. आकडे त्यांच्या बाजूने होते, पण या भाषेमुळे काठावर असलेले डॉक्टरही दूर गेले.

हळूहळू त्यांचे वागणे बिघडत गेले. जुलै १८६५ च्या अखेरीस त्यांना बहाण्याने व्हिएन्नाला नेऊन मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तिथे रखवालदारांनी त्यांना मारहाण केली. जखमा चिघळल्या आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. ज्या प्रकारच्या जंतुसंसर्गापासून त्यांनी बाळंतिणींना वाचवले, तसाच संसर्ग त्यांच्या रक्तात पसरला होता.

त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी ११ वर्षांच्या एका मुलाच्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक अॅसिडची पट्टी बांधली. निर्जंतुक शस्त्रक्रियेची सुरुवात तिथून मानली जाते. १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी बाळंतज्वराशी जोडलेले साखळीसारखे जंतू दाखवले आणि सेमेलवाइस यांचे म्हणणे सिद्ध झाले. आज बुडापेस्टमधील वैद्यकीय विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते.

आजच्या वर्गखोलीशी याचा संबंध काय?

शाळेत धोका प्रसूती कक्षाइतका नसतो. पण जुलाब, उलट्या, सर्दी, हात-पाय-तोंडाचा आजार हे हातांवरून एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातातच. मुलांमध्ये हात धुण्याची सवय रुजवणारे उपक्रम राबवल्यास जुलाबाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत आढळले आहे.

सेमेलवाइस यांचा विभाग सुधारला तो विद्यार्थ्यांना एकाएकी शहाणपण सुचले म्हणून नव्हे. दाराशी भांडे होते आणि ते भरलेले होते. जिनिव्हातील विद्यापीठ रुग्णालयात १९९४ ते १९९७ दरम्यान हेच पुन्हा दिसले. खाटेशेजारी हात चोळण्याचे अल्कोहोलयुक्त द्रावण ठेवले, जागृती केली आणि हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले. रुग्णालयातील संसर्गाचे प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले.

शाळेतील हात धुण्याची मूलभूत सोय म्हणजे काय, याची जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची व्याख्याही साधी आहे. जागा, पाणी आणि साबण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हजर हव्यात. नळ आहे पण साबण कपाटात कुलूपबंद, तर ती सोय धरली जात नाही.

मग साबण कोणी द्यायचा?

साबण प्रत्येकाच्या दप्तरातून यायचा असेल, तर विसरलेले मूल आणि ज्याला आणणे परवडत नाही ते मूल तसेच डब्याला बसते. त्याचा हात शेजारच्याच्या डब्यातही जातो. १२ पैकी ११ बाळंतिणींना आजार देणारा हात त्यांचा नव्हता, हे इथे आठवायला हवे. म्हणून साबण नळापाशी, सर्वांसाठी एक आणि शाळेच्या जबाबदारीवर असणे अधिक सुरक्षित. पालकांनी खर्चात वाटा उचलायचा ठरवले, तरी तो निधी सामायिक ठेवता येतो. यादीत नावागणिक बाटल्या मागण्याची गरज राहत नाही. सरकारी शाळांत पोषण आहाराआधी रांगेने हात धुण्याची पद्धत आहे. तिथेही साबण संपला की कोणाला सांगायचे, हे ठरलेले असेल तरच ती टिकते.

महागड्या ब्रँडवरून होणारा वादही टाळता येतो. साध्या साबणापेक्षा जंतुनाशक साबण घरगुती वापरात अधिक गुणकारी असल्याचे उत्पादकांना सिद्ध करता आले नाही, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये अशा साबणांतील १९ रसायनांवर बंदी घातली. साधी वडी किंवा बाटलीत विरघळवलेले साबणाचे पाणी आणि २० सेकंद चोळणे पुरेसे आहे.

सॅनिटायझर ही दुसऱ्या क्रमांकाची सोय आहे. त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल हवे. माती किंवा तेल लागलेल्या हातांवर ते नीट काम करत नाही आणि उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंवर कमी पडते. लहान मुलांनी ते गिळण्याचा आणि पेट घेण्याचा धोका असल्याने ते शिक्षकांच्या ताब्यात असावे. हात पुसायला एकच टॉवेल सर्वांनी वापरू नये. यादीत घरून मागण्यासारखी वस्तू कोणती असेल, तर ती म्हणजे रोज धुतलेला छोटा नॅपकिन.

प्रतिकारशक्तीबद्दलची शंकाही रास्त आहे. मुलांनी मातीत खेळायलाच हवे. दिवसभर हातांवर द्रावण चोळत बसण्याची गरज नाही. मात्र शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी हात धुण्याने खेळण्यात काही कमी होत नाही.

पालकसभेत हा विषय निघाला की कोणाच्या घरी स्वच्छता पाळतात आणि कोणाच्या नाही, यावर चर्चा घसरते. दोषी कोण हे ठरवण्याच्या नादात सेमेलवाइस यांनी आपले श्रोते गमावले. त्यांचे भांडे मात्र दोन महिन्यांत आकडे बदलून गेले. त्यामुळे पुढच्या सभेत विचारायचे प्रश्न तीनच आहेत. डबा खाण्याआधी मुले हात कुठे धुतात, तिथला साबण कोण भरतो आणि तो संपल्यावर कोणाच्या लक्षात येते?